पाच मिनिटं गप्प

रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं, एवढी साधी गोष्ट जगाला का जमत नाही, या एकाच प्रश्नानं संशोधकबाई वैतागून गेल्या होत्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला आणि तोंडाला कुलूप. बोलता बोलता मोजलं की आकडा फुगतो. हे सिद्ध करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्यांच्याच संशोधन केंद्रातल्या नर्सबाई दंडाला पट्टा गुंडाळताना "मुलीचं लग्न ठरलं का हो?" म्हणून चौकशा करत होत्या. शनिवारी ढीगभर आकडे बाद करावे लागले.

"अहो मॅडम, माणसं घाबरलेली असतात," नर्सबाई म्हणाल्या. "दोन शब्द बोललं तर काय बिघडलं?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीच आग घेऊन त्या रविवारी वडिलांकडे पोचल्या.

अप्पांनी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. एके काळी त्यांच्या आवाजानं अख्खं मैदान ताठ उभं राहायचं. आता लेक मशीन घेऊन आली की तेच ताठ बसत. बाई स्वतः डॉक्टर, त्यामुळे अप्पांच्या गोळ्या त्याच ठरवत. दर रविवारी आकडा चढा यायचा, म्हणून त्यांनी गोळी दोनदा वाढवली होती. तरी फरक शून्य. त्यातच गेल्या आठवड्यात अप्पा न्हाणीघरात पडले आणि कोपर सुजवून बसले. फरशी ओली होती, असं त्यांचं म्हणणं.

"मीठ कमी केलंत का? फिरायला जाता का? खरं सांगा," बाईंनी पट्टा आवळत दरडावलं. अप्पा तोंड उघडणार तेवढ्यात, "बोलू नका! मोजतेय!"

एकशे साठ.

"हात टेकले बाई तुमच्यापुढे!" त्यांनी पर्समधून आणखी जहाल गोळीची पट्टी काढली. "उद्यापासून ही."

तेवढ्यात केंद्रातून फोन आला. बाई गॅलरीत गेल्या, दार ओढून घेतलं आणि फोनवर कुणाची तरी खरडपट्टी काढून परत आल्या. मधल्या वेळात वहिनीनं मशीनचं बटण दाबलं होतं.

"ताई, एकशे दहा आलं."

"शक्यच नाही. मशीनचं डोकं फिरलंय."

त्यांनी सेल बदलले. मशीन स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं. तो आकडा इतका वर गेला की त्यांनी तो कुणाला दाखवला नाही. मग अप्पांसमोर बसून मोजलं, तर पुन्हा एकशे साठच्या आसपास.

"ताई, रागावू नका," वहिनी चाचरत म्हणाली, "पण जरा बाहेर बसता का?"

बाई बाहेर बसल्या. आत मशीनची घरघर झाली, थांबली. वहिनीनं दारातूनच आकडा सांगितला. एकशे आठ.

आता कुणावर चिडावं तेच त्यांना कळेना. डॉक्टर समोर आला की पेशंटचा दाब चढतो, यावर त्या सभागृहं भरून बोलत. आणि इथे त्या स्वतःच दर रविवारी अप्पांचा दाब चढवत होत्या, आणि चढलेल्या आकड्यावर गोळ्या देत होत्या. उरलेले सहा दिवस त्या गोळ्या आधीच उतरलेला दाब आणखी खाली ओढत होत्या. ओली फरशी कसली! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

आत येऊन त्यांनी ती नवी पट्टी पर्समध्ये टाकली.

"अप्पा, उठून उभं राहिलात की चक्कर येते?"

अप्पांनी आधी सुनेकडे पाहिलं. "येते कधी कधी. अंधारी येते डोळ्यांपुढे."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा गोळी वाढवलीस ना, तेव्हापासून."

"अहो, मग मला सांगितलं का नाहीत?" बाईंचा आवाज पुन्हा चढला.

अप्पांनी पाठ टेकली, पाय जमिनीवर नीट ठेवले, पट्टा बांधलेला हात सवयीनं टेबलावर ठेवला.

"तू आलीस की लगेच हे बांधतेस," ते हळूच म्हणाले. "आणि हे बांधल्यावर बोलायचं नाही, असं तूच सांगून ठेवलंयस ना."

बाईंनी पट्टा सोडला. मशीन बाजूला ठेवून त्या खुर्ची ओढून अप्पांच्या शेजारी बसल्या, आणि पाच मिनिटं स्वतः गप्प राहिल्या.