पंधरावी रस्सी

बायको गेली त्याला सात महिने झाले, पण नगरपालिकेच्या करमणूक समितीच्या यादीतून ती गेली नव्हती. बैठकीची नोटीस तिच्याच नावाने आली. उपस्थित राहणे बंधनकारक, असंही खाली छापलेलं. म्हटलं, तिला जमणार नाही, आपण जाऊन येऊ.

तिची धाकटी बहीण शेजारीच राहते. ती दारातून म्हणाली, "भावोजी, तिथे तोंड उघडू नका. ताई गप्प बसून कामं करून घ्यायची."

"तुझी ताई आणि गप्प? कुठल्या ताईबद्दल बोलतेस?"

बैठकीला अध्यक्ष, सहा सभासद आणि हिशेबनीस बाई होत्या. बाईंना सगळे मागून कात्री म्हणतात. या वर्षी वरून कपात आलेली, त्यामुळे कात्री खुशीत होती. पोहण्याची शर्यत गेली, कारण तलावात पाणी नव्हतं. सायकल फेरी राहिली, कारण अध्यक्षांच्या जावयाचं सायकलींचं दुकान आहे. बुद्धिबळही राहिलं. खेळाडू दोन, चहा चाळीस जणांचा.

मग आली नवराबायकोंची रस्सीखेच. ही माझ्या बायकोची. चौदा वर्षं तिनेच भरवली. एका बाजूला नवरे, दुसऱ्या बाजूला बायका, आणि बायकांच्या शेवटी ती, रस्सी कमरेला गुंडाळून, टाचा मातीत रोवून. अकरा वेळा आम्ही नवरे तोंडावर आपटलो. हा खेळ राहावा, एवढंच मला हवं होतं. बाकी समिती खड्ड्यात गेली असती तरी चाललं असतं.

कात्री वाचत होती. "नवीन रस्सी, एक. दर वर्षी नवीन कशाला लागते?"

मला वाटलं, खेळ वाचवायची हीच संधी. "लागतच नाही," मी म्हणालो. "आमच्या पलंगाखाली चौदा पडल्यात. फुकट घ्या."

खरंच पडल्या होत्या. दर वर्षी ती नवी रस्सी मागवायची आणि खेळ झाला की घरी आणायची. मी विचारायचो, आपल्याला जहाज बांधायचंय का? ती म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं.

"म्हणजे खर्च शून्य," कात्री म्हणाली.

"शून्य," मी छाती काढून म्हणालो.

"शून्य खर्चाची ओळ अंदाजपत्रकात राहत नाही. ओळ नाही तर कार्यक्रम नाही, मैदान नाही, पंच नाही." तिने पेन्सिल काढली.

तेव्हा मला त्या चौदा रस्स्या कळल्या. बायको नवी रस्सी घ्यायची म्हणून ओळ राहायची, आणि ओळ राहायची म्हणून खेळ. आणि मी पहिल्याच बैठकीत खेळाच्या मुळावर उठलो होतो.

"पण त्या रस्स्या वापरात आहेत," मी घाईने म्हणालो.

"कशाला?"

"कपडे वाळत घालायला."

"चौदा?"

"कपडे फार आहेत."

अध्यक्षांनी जांभई दिली. "बाई, उद्या जाऊन बघून या. वापरात असतील तर नवीन मंजूर करून टाका."

सकाळी मी आणि मेहुणीने अंगणात भिंतीपासून झाडापर्यंत, झाडापासून नळाच्या पाइपापर्यंत चौदा रस्स्या बांधल्या. माझे चार शर्ट आणि दोन पँटी एका रस्सीलाही पुरेनात.

"ताईचं कपाट उघडा," मेहुणी म्हणाली.

ते मी सात महिने उघडलं नव्हतं. "तू उघड."

"मी का? नवरा कोण, मी की तुम्ही?"

उघडलं. आत डांबरगोळ्यांचा वास होता, तिचा नव्हता. मला हायसंच वाटलं. कोट, स्वेटर, गाऊन, सगळं बाहेर आलं. रस्सी मनगटाएवढी जाड, चिमटे बसेनात, म्हणून कपडे नुसतेच टाकले. शेवटी तिचा खेळाचा पायजमा निघाला. गुडघ्यांवर मैदानाची माती तशीच.

"धुतलासुद्धा नाही," मेहुणी म्हणाली. "ताईच ती." आणि नाक पुसायला आत गेली.

कात्री दहाच्या ठोक्याला आली. रस्स्यांखालून वाकून वाकून फिरली. एक बाही चाचपून म्हणाली, "हे कोरडे आहेत."

"ऊन चांगलं आहे."

"चिमटे?"

"बसत नाहीत."

ती पायजम्यापाशी थांबली. "माझं लग्न झालेलं नाही, माहीत आहे ना? नवरे कमी पडले की तुमच्या पत्नी मला तुमच्या बाजूला उभं करायच्या. मग चिखलात पाडायच्या. चार वेळा."

मला वाटलं, आता संपलं. पण तिने वही उघडली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "चौदा रस्स्या वापरात. नवीन आवश्यक."

मग वही न मिटता विचारलं, "या वर्षी बायकांच्या शेवटी कोण?"

"मी."

"तुम्ही नवरा आहात."

"सध्या नाही."

तिने पेन्सिल कानामागे खुपसली, परत काढली. "तसा नियम नाही. पण थोडा खर्च दाखवला की नियम सापडतो. काय लिहू?"

"खेळाचा पायजमा, एक."

तिने रस्सीवरच्या पायजम्याकडे बघितलं, त्याला हात न लावता, आणि लिहिलं, "नवीन."