तंबूला घातलेली कळी

आमच्या बाबांनी तंबू विकत आणला नाही, शिवला. शिंप्याने दुकानातला तयार माल आणायचा म्हणजे नाकच कापून घ्यायचं! बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीला सरकवून त्यांनी आजोबांना आणि मला जमिनीवर आडवं केलं आणि टेप लावून मापं घेतली. आई तेवढ्यात टपाल कचेरीतून आली. चपला काढता काढता म्हणाली, "माझं माप तुमच्या वहीत आहे. तेच धरा."

बाबांनी मुकाट्याने तेच धरलं.

बेत असा : पहिली रात्र तळ्याकाठी, दुसरी डोंगरावर, तिसऱ्या दिवशी किल्ला. त्या किल्ल्याविषयी मी गेल्याच महिन्यात वर्गासमोर बोलले होते. आयुष्यात पहिल्यांदा, आणि सलग बारा मिनिटं! शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "तू स्वतः पाहिलायस का?" मी ताठ मानेने म्हणाले, "पाहून येते, मग सांगते." आता न बघता परत जाणं शक्यच नव्हतं.

पण आईची अट होती. पहिल्या रात्री चौघं तंबूत नीट मावलो तर पुढे, नाहीतर गाडी उलटी घराकडे. तिची अट म्हणजे शिक्का. एकदा बसला की बसला.

तळ्याकाठी तंबू झोकात उभा राहिला. "उजेड आहे तोवर आडवे होऊन बघू," आई म्हणाली. कडेला आजोबा, मग मी, मग बाबा. शेवटी आई आत आली आणि आजोबा कापडाखालून बाहेर गेले.

"मी गाडीत झोपू की तळ्यात?" बाहेरून आवाज आला.

तीनदा जागा बदलल्या. तिन्ही वेळा आजोबाच बाहेर. शेजारच्या तंबूवाल्यांनी तर आमच्याकडे तोंड करून खुर्च्या मांडल्या.

"झालं? भरा सामान," म्हणत आई गाडीकडे गेली.

बाबांनी वही काढली. मी खांद्यावरून डोकावले. आईच्या मापापुढे त्यांच्याच अक्षरात होतं : लग्नाआधीचं.

"बाबा! तुम्हाला माहीत होतं?"

"शिंपी आहे मी. मला नजरेनेच कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलून बघ ना."

मागच्या वर्षीची मी असते तर गाडीत बसून रडले असते. आता सरळ आईसमोर जाऊन उभी राहिले. "आई, वहीतलं माप लग्नाआधीचं आहे. त्यानंतर माझा जन्म झाला, मी चांगली पाच फूट झाले. तू तेवढी तशीच कशी राहशील?"

"म्हणजे मी जाड झाले?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या."

"सूनबाई, मी काही बोलत नाहीये हं," आजोबा लांबूनच म्हणाले. "मी आपला बाहेरचा माणूस."

आईने ओठ आवळले, पण हसू काही आवरलं नाही. ती तरातरा बाबांसमोर गेली आणि हात पसरून उभी राहिली. "घ्या. पण आकडा मोठ्याने बोललात तर याद राखा."

बाबांनी देवासमोर उभं राहावं तशा गंभीर चेहऱ्याने टेप फिरवली. आकडा वहीतही लिहिला नाही. मला फक्त म्हणाले, "कळी घालावी लागेल." कळी म्हणजे रुंदी वाढवायला मध्ये जोडायचा तुकडा. कापड? गाडीचं राखाडी कव्हर होतं की! बाबांनी कात्री चालवली, मी कापड ताणून धरलं, आई सुया ओवून देत राहिली आणि वर "टाका तिरका जातोय" असं शिंप्यालाच शिकवत राहिली.

अंधार पडायच्या आत निळ्या तंबूच्या बरोबर मधोमध राखाडी पट्टा आला. शोभा म्हणाल तर शून्य. पण चौघं आत! आजोबांनी मुद्दाम दोनदा कूस बदलून दाखवली.

आईने ऐसपैस पाय पसरले, डोळे मिटले आणि हुकूम सोडला, "सकाळी सहाला निघायचं. डोंगरावर रेंगाळलो आणि किल्ला हुकला, तर ही कार्टी भर वर्गात माझंच नाव सांगेल."