पितळेची टोपणं

"परत ढिलं. सुपारी कातरणारीच्या हाती तार दिली, चूक माझीच."

हे माझ्या कानाशी पुटपुटले. पुटपुटले असं त्यांना वाटलं. कुंपणाच्या गडग्यापलीकडे शेजारच्या कोकिळाबाईचं मुसळ थांबलं. वीस वर्षं रेवदंड्याच्या भातगिरणीत इंजिनाशेजारी उभा राहिलेला माणूस, त्याचं हळू बोलणं एवढंच हळू.

रेडिओ त्यांनी घरी बनवला होता. गावात वीज आली नव्हती, पण त्याला वीज लागत नव्हती. बांबूच्या नळीवर तारेचे वेढे, माडाच्या शेंड्यापर्यंत नेलेली एक तार, आणि मधे आवाज पकडणारा एक खडा. तो माझ्या भावानं, सदानं, मुंबईहून आणला, हेडफोनही त्यानंच. डाख लावून तारा जोडायचं साधन घरात नाही, म्हणून प्रत्येक तारेच्या टोकाला पितळी पत्र्याचं भाताच्या दाण्याएवढं टोपण चढवून आवळायचं. ते काम माझं. तार सुरीनं खरवडायची, टोपण घालायचं, आणि अडकित्त्याच्या खिळीजवळ, जिथं धार नसते, तिथं धरून दाबायचं. कमी दाबलं तर निसटतं, जास्त दाबलं तर तार तुटते. कोणी शिकवलं नाही. वाया घालवून शिकले.

पंधरा दिवसांपूर्वी सेट पुरा झाला. आधी त्यांनी हेडफोन कानाला लावला. बराच वेळ. मग माझ्याकडे दिला. आत एक बाई भजन म्हणत होती, शब्दन् शब्द स्पष्ट. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली, नाही.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण किती सुटला तेव्हा. "तार ढिली असणार," म्हणाले. "खारी हवा."

तेव्हापासून रोज दुपारी मी माझीच चांगली टोपणं उकलत होते आणि नवी दाबत होते.

आज सदा आला. तो टेकतो न टेकतो तोच हे म्हणाले, "तुझा खडा खोटा हाय. दुकानदारानं गंडवलं, का चौपाटीवरून उचललास?"

सदानं हेडफोन लावला. त्याच्या पायाचा अंगठा तालावर हलायला लागला, मग थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी अडकित्त्याकडे.

"व्हय, भावोजी," तो त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाला. "खडाच खराब दिसतोय. बदलून आणतो."

"राहू दे. तुला पारख न्हाय. मीच जाईन."

लहानपणी सदानं खोटा आळ कधी सोसला नव्हता. उलट भांडून यायचा. आज माझ्या ओटीवर, न केलेल्या चुकीसाठी मान खाली घालून बसला होता, आणि मी त्याच्या कपात चहा ओतत होते.

चहा ओतता ओतताच मी म्हटलं, "सेट वाजतोय."

"काय?" हे म्हणाले.

हीच तर अडचण होती. ही गोष्ट हळू सांगताच येत नव्हती. किटली खाली ठेवली. पलीकडे मुसळ पुन्हा थांबलं.

"पहिल्या दिवसापासून वाजतोय," मी ओरडून सांगितलं. "मी खोटं बोलले. खडा चांगला हाय, तारा चांगल्या हायत. तुम्हांला ऐकू येत न्हाय."