खारे पाणी न मानवलेली पाणबुडी

मी एक जुनी पाणबुडी आहे. मित्रांनो, दचकू नका. मी कुठलेही जहाज बुडवलेले नाही. माझी लांबी जेमतेम हातभर. माझ्या पोटात माणूस सोडा, मांजरही मावणार नाही. पण जोडली जातानाच मी जेवढे वैर पाहिले, तेवढे खऱ्या पाणबुड्यांनी लढाईतही पाहिले नसेल.

१९५५ साली मी वसईला आले ती पुठ्ठ्याच्या खोक्यातले सुटे सामान म्हणून. लाकडाच्या पातळ पट्ट्या, एक पितळी नळी, रबरी कडी, चिमुकली मोटर, जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह आणि बारीक अक्षरांत छापलेला सूचनांचा कागद. सोबत एक जड पेटी होती. तिच्यावर उंच तार उभी करून कळ दाबली, की बिनतारी लहरीवरून मला हुकूम मिळणार होता. एकदा दाबली तर बुडी मारायची, दोनदा दाबली तर वर यायचे.

मला विलायतेहून आणणारा कॉन्रॅड जहाजावर बिनतारी संदेश पाठवण्याचे काम करी. लोखंडी दारात उजवा हात चेंगरला, तीन बोटे गेली आणि त्यांच्यामागे नोकरीही गेली. तो आपल्या केळीच्या वाडीत परतला. तारा तो डाव्या हाताने जोडू शके, पण माझे लाकडी अंग घडवणे त्याला जमेना. चिडून त्याने माझ्या दोन पट्ट्या गुडघ्यावर मोडल्या.

त्याची बहीण जुलियाना वसईच्याच कोळीवाड्यात, पाचूबंदरला राहत असे. तिचा नवरा फेबियन मच्छीमारांच्या होड्या बांधणारा सुतार होता. वाडीवाल्यांची मुलगी कोळ्यांच्या घरी गेली, हे कॉन्रॅडला कधीच रुचले नाही. तो लग्नाला गेला नव्हता. एक काम दोघांनी मिळून केले तर मने वळतील, असे जुलियानाला वाटले. तिने नवऱ्याला हत्यारे घेऊन भावाकडे धाडले.

सहा रविवार, चर्चमधली मिस्सा आटोपली की फेबियन येई. कॉन्रॅड त्याला नावाने हाक मारत नसे. तो भिंतीकडे तोंड करून सूचना वाची, जणू खलाशाला हुकूम सोडतो आहे. फेबियन पट्टी तासत राही. होडीच्या फटी बुजवतात तशा त्याने माझ्या फटी कापूस आणि राळ घालून बुजवल्या. कागदात तसे काही लिहिलेले नाही, असे कॉन्रॅडने भिंतीला सुनावले.

फेबियन म्हणाला, "कागद पान्यात उतरनार नाय. उतरनार ही हाय."

तुम्हाला वाटेल, अशा भांडणात मी वाकडीतिकडी जोडली गेले असेन. तसे झाले नाही. आपली चूक दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून दोघेही डोळ्यांत तेल घालून काम करीत होते. माझ्यासारखी नेटकी पाणबुडी प्रेमाने बनली असती की नाही, कोण जाणे.

वाडीत गोड्या पाण्याचे तळे होते. आमच्याकडे त्याला बावखल म्हणतात. फेबियनने गुडघाभर पाण्यात उतरून मला सोडले आणि कॉन्रॅडने कळ दाबली. मी बुडी मारली, वर आले, पुन्हा बुडाले, पुन्हा वर आले. काठावरच्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही कुणी केली, असे कुणीतरी विचारले. "मी," कॉन्रॅड म्हणाला. फेबियन अजून पाण्यातच उभा होता.

माणसे पांगल्यावर फेबियन म्हणाला, "आता आमच्या बंदरावर दाखवा. माझ्या हातचं काम माझ्या मानसांनी बगायला हवं."

"तुमच्या पाण्यात ती चालणार नाही," कॉन्रॅड म्हणाला आणि मला पुसायला लागला.

का चालणार नाही, ते त्याला ठाऊक होते. तो ते बोलला नाही. फेबियन ओल्या पायांनी चालता झाला.

पुढच्या आठवड्यात कॉन्रॅड हाताच्या इलाजासाठी मुंबईला गेला. जुलियाना माहेरी आली आणि तिने मला पेटीसकट टोपलीत घालून पाचूबंदरला नेले. भरती होती. मासळीचा लिलाव संपला होता आणि सारे बंदर धक्क्यावर जमले होते. पाण्यावर मी झोकात धावले. मग फेबियनने एकदा कळ दाबली. मी बुडाले, आणि त्या क्षणी माझे कान गेले. वर ये, हा हुकूम मला ऐकूच आला नाही. मोटर फिरत राहिली आणि मी खाडीच्या गढूळ अंधारात पुढे पुढे जात राहिले.

धक्क्यावर काय झाले, ते जुलियानाच्या तोंडून मी पुढे अनेकदा ऐकले. सुताराने राळ जास्त घातली म्हणून ती तरंगायची विसरली, असे कुणी म्हणाले आणि सारे हसले. फेबियन कळ दाबतच राहिला. संध्याकाळी मुंबईहून परतलेल्या कॉन्रॅडला मी घरात दिसले नाही, तसा तो थेट धक्क्यावर आला.

"सांगितलं होतं ना? खाऱ्या पाण्यात बिनतारी लहर शिरत नाही. इथेच नाही, जगातल्या कुठल्याही समुद्रात नाही."

"हे तू त्या दिवशी का नाही सांगितलंस, दादा?" जुलियानाने विचारले.

"मला कुणी विचारलं नाही."

"'खाऱ्या पाण्यात' असं तू म्हणालाच नाहीस. 'तुमच्या पाण्यात' म्हणालास."

कॉन्रॅडने पेटी उचलली. तो आला तसा निघून गेला, आणि त्यानंतर वाडी आणि बंदर यांच्यातले जाणे-येणे तुटले.

दोन पावसाळे मी चिखलात पडून होते. शेवटी श्रीपत नावाच्या मच्छीमाराच्या जाळ्यात अडकून वर आले. त्याने मला ओळखले आणि फेबियनच्या घरी आणून टाकले. माझी मोटर गंजली होती, व्हॉल्व्ह फुटले होते. फेबियनने मला धुऊन फळीवर ठेवले.

बातमी कळताच कॉन्रॅड आला. त्या घरात तो प्रथमच पाऊल टाकत होता. या, असे कुणी म्हटले नाही. त्याने मला डाव्या हातात घेतले आणि माझ्या सांध्यांवरून अंगठा फिरवला.

"यंत्र गेलं," तो म्हणाला.

"लाकूड हाय," फेबियन म्हणाला.

"हो. एक सांधा उकललेला नाही. चांगलं काम केलंय."

फेबियनने मला त्याच्या हातातून काढून घेतले. "हे तवा बोलायचं होतं. लोकांसमोर."

कॉन्रॅड पायरी उतरून गेला. जुलियानाने तिघांचा चहा टाकला होता. प्यायला दोघांनीच.

मित्रांनो, मला तेल घाला, माझा गंज काढा, असे मी म्हणत नाही. माझी मोटर आता फिरणार नाही. यंत्राला कसे जपायचे ते तुम्ही शाळेत शिकालच. पण यंत्र जोडणाऱ्यालाही जपा. तुम्हाला एखादी गोष्ट ठाऊक असेल, तर ती कारणासकट सांगा. कारण गिळून टाकले की उरलेले वाक्य शिवीसारखे लागते. आणि ज्याच्या हाताने काम झाले, त्याचे नाव घ्या. त्याचे पाय पाण्यात आहेत, तोवरच घ्या.