बत्तीस झबली

कोयनेच्या फुगवट्यावर कृष्णातने हाऊसबोट आणली, तेव्हा पार मेढ्यापर्यंतच्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. कृष्णात फौजेतला गडी. नोकरीत असताना केरळात पाण्यावर तरंगणारी घरं बघून आला आणि पेन्शनीत निघाल्यावर एका जुन्या लाकडी लाँचवर बांबूचं छप्पर, चटयांच्या भिंती आणि दोन कॉट टाकून मोकळा झाला. पण पंच्याण्णव सालच्या दिवाळीपासून सातारा-सांगलीची माणसं खरोखरच यायला लागली आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

त्यातली निम्मी माणसं नाथाजीसाठी यायची. हाऊसबोट मधल्या पाण्यात उभी राहिली की नाथाजी पाहुण्यांना छोट्या होडीत घ्यायचा आणि पाण्याखालचं गाव दाखवायचा. जुनं तळेसर बुडालं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. आता वरून दिसायची ती फक्त भैरोबाची दीपमाळ, तीही उन्हाळ्यात, आणि वैशाखात पाणी उतरलं की घरांची काही जोती. देऊळ तळाला होतं आणि घरांची ओळ तिथून चढाने वर गेलेली. दीपमाळेपासून बांबूने दगड चाचपत, मोजत तिसऱ्या जोत्यावर आलं की नाथाजी वल्ही आत घ्यायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "हे आमचं घर." बायका डोळ्यांना पदर लावायच्या. नाथाजीला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. अख्खं गाव ह्याच्या डोक्यात जसंच्या तसं आहे असं सगळे म्हणायचे आणि त्यालाही ते पटलेलं होतं.

शहाण्णवच्या वैशाखात त्याची थोरली बहीण आली. राहीबाई. तिच्या सासरच्यांना धरणाच्या बदल्यात सांगलीकडच्या कोरड्या माळावर जमीन मिळाली होती, तिथंच तिचा जन्म गेला. मिरजेच्या दवाखान्यात दीड महिना काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. तिने मुलाला, प्रशांतला, सांगितलं, "मग माज्या घरी ने." आणि एसटीने, मग जीपने, मग उचलून, प्रशांतने आईला काठावर आणलं. अंगावर नुसती हाडं राहिली होती. कमरेला एक पिशवी तेवढी घट्ट धरलेली.

पिशवीत काय आहे हे नाथाजीला न विचारता कळलं. झबलं.

पहिल्या बाळंतपणाला राही माहेरी आली होती. मुलगा झाला आणि पाचव्या दिवशी गेला. बारशाआधी बाळाला नवं शिवलेलं कापड घालायचं नाही, ही त्या घरची रीत. म्हणून बापाच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्याला मागच्या दाराच्या पायरीशी पुरलं. खड्डा बापाने काढला, कुदळ नाथाजीने आणून दिली. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं. राहीला नंतर प्रशांत झाला, दोन मुली झाल्या, पण ते पहिलं पोर अंगावर काही न घालता गेलं हे काही तिच्या मनातून जाईना. दर चैत्रात भैरोबाच्या यात्रेला कुणीतरी यायचं, त्याच्याकडे ती एक झबलं द्यायची, हाताने शिवलेलं. वैशाखात पाणी उतरलं की नाथाजी ते मागच्या पायरीशी पुरायचा. एक वर्ष चुकवलं नव्हतं. बत्तीस झबली झाली. तेहतिसावं ती स्वतः घेऊन आली होती.

"कवा जायचं?" तिने विचारलं.

"आत्ताच जाऊ, आक्का."

कृष्णातने त्या दिवशीची गिऱ्हाइकं परत पाठवली आणि कॉटवर स्वतःची घोंगडी अंथरली. माणूस बोलायला फटकळ, पण काळजाने चांगला. हाऊसबोट मधोमध थांबल्यावर प्रशांतने आईला छोट्या होडीत उतरवलं. तिसरा माणूस त्या होडीला पेलत नव्हता, म्हणून तो मागेच राहिला.

त्या साली पाणी म्हणावं तसं उतरलं नव्हतं. पण जोतं हातभर उघडं पडलं होतं, एवढ्यावर नाथाजीला हायसं वाटलं. त्याने होडी दगडाला लावली आणि बहिणीला उचलून जोत्यावर बसवलं. मग मागच्या अंगाला जाऊन गाळ उकरला. कुजलेल्या कापडाची एक चिंधी वर आली. गेल्या साली पुरलेलं झबलं, पिवळ्या काठाचं.

"ही बघ आक्का. हितंच."

राहीबाई चिंधीकडे बघत नव्हती. ती तळहाताने जोत्यावरचा गाळ पुसत होती. पुसता पुसता जमिनीत बसवलेलं दगडी उखळ उघडं झालं.

"नाथा, हे कुणाचं घर रं?"

"कुणाचं म्हंजे? आपलं."

"आपलं उखळ दारातनं आत गेल्यावर उजव्या हाताला. मी कांडलंय त्यात, तू न्हाईस. ह्ये डाव्या हाताला हाय." तिला धाप लागली. "ह्ये ज्योतिबातात्याचं घर. आपल्या वरचं."

"दीपमाळेपास्नं तिसरं जोतं हाय, आक्का. लय येळा मोजलंय मी."

"मोज बरं तोंडानं."

"पयलं सुताराचं. दुसरं... दुसरं कुणाचं का असंना. तिसरं..."

"आन् भामा गुरवीण कुठं ऱ्हात हुती? दीपमाळेला लागून?"

नाथाजीने वळून दीपमाळेकडे बघितलं. गुरवाचं घर. धरण भरल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात वर डोंगरावर भैरोबाचं नवं देऊळ बांधलं, तेव्हा देवाच्या गुरवाचं घर म्हणून त्याच्याच जोत्याचे दगड सगळ्या गावाने वर नेले. नाथाजीनेही नेले होते, खांद्याला कातडं राहिलं नव्हतं. मागे जोतंच उरलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी पहिलं झबलं हातात घेऊन तो घर शोधायला उतरला तेव्हा भिंती विरघळून गेल्या होत्या. आपलं घर तिसरं एवढंच त्याला पाठ होतं, म्हणून त्याने दिसतील ती जोती मोजली. पहिलं, गुरवाचं घर मोजण्यातून गळलं. बत्तीस वर्षं तो आपल्या खऱ्या घरावरून पाय देत वर चढला आणि ज्योतिबातात्याच्या पायरीशी झबली पुरत आला.

"तिकडं ने मला," ती म्हणाली.

खरं घर एक जोतं खाली, म्हणजे पाण्यात. नाथाजीने होडी तिथं आणली आणि बांबू खाली सोडला. पुरुषभर पाण्याखाली तो दगडावर खणकन वाजला. राहीबाईने तो आवाज ऐकला, पिशवीतून झबलं काढलं आणि पाण्यावर ठेवलं. ते बुडालं नाही. बाह्या पसरून होडीच्या कडेकडेने तरंगत राहिलं.

नाथाजीने अंगातली बंडी काढली, होडीतला एक दगड झबल्यात गुंडाळला आणि पाण्यात उडी मारली. खाली सगळा गाळ. पायरी कुठली आणि भिंत कुठली, हाताला काही कळेना. तो वर आला, दम घेतला, परत गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा झबलं हातातच होतं. होडीची कड धरून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"आक्का, मला घावंना गं."

राहीबाईने त्याच्या हातातून झबलं घेतलं. दगड काढून पाण्यात टाकला, झबलं पिळलं आणि ओलंच पोटाशी धरलं.

"बत्तीस वरसं माजं लेकरू उघडंच ऱ्हायलं म्हन की." आवाजात राग नव्हता, म्हणून नाथाजीला जास्त लागलं. "ऱ्हाऊ दे आता. मी तिकडंच निगालीया. माज्या हातानंच घालते."

हाऊसबोटीवर प्रशांतने तिला वर घेतलं. कृष्णात चहाचा कप पुढे करत म्हणाला, "काय आक्का, घावलं का घर?"

"घावलं की," राहीबाई म्हणाली. "नाथाला सगळं म्हाईत हाय."

अकराव्या दिवशी ती गेली. प्रशांतने झबलं तिच्यासोबतच ठेवलं. त्यानंतरच्या रविवारी पाहुणे आले, छोट्या होडीत बसले आणि दीपमाळेपाशी एकाने विचारलं, "नाथाभाऊ, तुमचं घर कुठलं?"

नाथाजी वल्ही मारत राहिला. "मला ठावं न्हाई," तो म्हणाला.