एका माणसाच्या दोन कबरी

नाम्बोझोला आधी वाटलं, चूक आपलीच. बाबा गेले त्या वर्षी तिने एल्गॉन डोंगराच्या उतारावरच्या आपल्या घराचा फोटो समोरच्या टेकडीवरून काढला होता, फिल्मवर. काल त्याच खडकावर, तिपाईचे पाय जुन्याच खुणांवर टेकवून, तिने डिजिटल कॅमेऱ्याने तोच देखावा पुन्हा टिपला. आज जुना फोटो स्कॅन करून दोन्ही लॅपटॉपवर एकावर एक ठेवले, तर घरं दोन दिसत होती. बाबांची पांढरी कबरसुद्धा दोनदा, एक वर, एक खाली.

भिंगाचा दोष म्हणावा, तर वरचा कडा, धबधबा, पलीकडच्या टेकडीवरचं चर्च, सगळं तंतोतंत जुळत होतं. मधला उतार तेवढा खाली आला होता. पावसाळा तोंडावर होता, आणि त्या घरात तिचा भाऊ, वहिनी आणि पोरं राहत होती.

लॅपटॉप काखोटीला मारून ती तडक घरी पोचली.

"आली फोटोवाली!" गिदुदू अंगणात कॉफी वाळत घालत होता. "बस, केळी शिजतायत."

"दादा, आजच्या आज घर सोडा. डोंगर सरकतोय!" तिने लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे धरला.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात; गिदुदूला फोटोही पुरला नाही. तो खो खो हसला. "भिंतीला एक तडा दाखव. दार बघ, कसं गपकन लागतं!"

"तडा जाईल कसा? घर, अंगण, केळी, सगळं एकदमच घसरतंय. म्हणून तर इथे कुणाला पत्ता नाही!"

"आणि बाबांना टाकून जाऊ?"

"बाबा तर कधीच निघालेत, दादा! ही बघ त्यांची कबर."

गिदुदूचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने पडद्यावरच्या दोन्ही कबरींवर बोट ठेवून पाहिलं, मग अंगणाच्या कडेच्या खऱ्या कबरीकडे. शेवटी त्याने बायकोला हाक मारली. "पोरांना घे, शेळ्या घे. चर्चात जाऊन राहा."

नाम्बोझोचा जीव भांड्यात पडला. वहिनी पोरांना घेऊन वाटेला लागलीसुद्धा. गिदुदू मात्र कबरीपाशी जाऊन बसला.

"दादा, चल ना!"

"तुम्ही व्हा पुढे. बाबा निघालेत म्हणालीस ना? मग थोरल्या मुलाने त्यांना एकटं जाऊ द्यायचं?"

एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या नाम्बोझोवर तिचंच वाक्य उलटलं. तिने त्याचा दंड धरून ओढलं, रडली, शिव्या दिल्या. त्याने तिचा हात हळूच सोडवला आणि कबरीवरचं गवत उपटायला लागला.