बारा पेरं

मास्तर ‘रेस्ट’ म्हणाले आणि रत्नाबाई खुर्चीवर बसली.

बाकी सगळे उभेच होते. शेजारच्या महमुदाने तिला दंडाला धरून उठवलं.

“बसायचं नाय गो. गप उभं ऱ्हायचं. अठ्ठेचाळीस बार, म्हंजे आवर्तनं, आपल्याला गाणं नाय.”

“मग रेस्ट कसली? शिक्षा म्हण.”

मागे कुणीतरी हसलं. इंग्रज मास्तर हसले नाहीत.

अडीचशे वर्षांपूर्वीचं ते समूहगान संगीताची थोरवी सांगणाऱ्या एका इंग्रजी कवितेवर बांधलेलं होतं. तुतारी, बासरी, नगारा, एकेकाची तारीफ. पखवाज तेवढा राहिला होता. रत्नाबाईने शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि आखातातल्या सनाबिसच्या शिलाईच्या दुकानात मशीन चालवता चालवता पाठ केले. तिथेच तिचा खालच्या पट्टीतला आवाज ऐकून महमुदाने तिला अदलियाच्या या हॉलमध्ये ओढून आणलं होतं. महमुदा रत्नागिरीची, ऑफिसात क्लार्क. तिला नोटेशन वाचता यायचं. रत्नाबाईला त्या कागदावर पाच दोऱ्यांवर सांडलेली बटणं दिसायची.

रेस्टनंतर त्यांची ओळ उशिरा गायला लागली. पुन्हा गायली, तर वेळेआधीच सुरू झाली. मास्तर रत्नाबाईच्या हाताकडे बघून इंग्रजीत बरंच बोलले.

“अंगठा हलवू नको म्हणतात,” महमुदा म्हणाली. “बघणाऱ्यांचं लक्ष जातं. आणि पुढच्या गुरुवारी कुठलीही जागा कागदावर दाखवता आली पायजे. नायतर कार्यक्रमाला तू समोर बसून ऐकायचं.”

“त्यांना सांग, माझ्या बापाने पखवाजावर असंच मोजायला शिकवलंय. करंगळीपासून चार बोटं, बारा पेरं. चार फेरे झाले की अठ्ठेचाळीस. अंगठा थांबला की मीपण थांबले.”

महमुदाने मास्तरांना एवढंच सांगितलं, “शी विल ट्राय.”

हमद टाउनला घरी परतताना रावजी गाडी चालवत म्हणाला, “खलास, सोड ना आता. समोर बसून ऐकलंस तर काय बिघडलं? पंखा तरी लागेल.”

“मी उभी राहायला जाते,” रत्नाबाई म्हणाली, आणि नवऱ्याला वळण दाखवलं.

गुरुवारी तिने उजवा हात पदराखाली घेतला. रेस्ट सुरू झाली. या भागात मास्तर स्वतःच पेटीसारखं मोठं वाद्य वाजवायचे. दोन्ही हात गुंतलेले, खूण करायला कुणी नाही. पहिला फेरा, दुसरा. तिसऱ्यात व्हायोलिनं एकमेकांच्या मागे धावायला लागली आणि महमुदाचं बोट कागदावर घुटमळलं. चौथा फेरा तर्जनीच्या टोकाला पोचला. रत्नाबाईने श्वास घेतला आणि गायली.

एकटीच. अर्धा शब्द. मग महमुदा, मग सगळी ओळ.

गाणं संपल्यावर मास्तर कागद घेऊन तिच्यासमोर आले. रत्नाबाईने त्या बटणांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. कागद त्यांनी तिच्यापुढे धरलाच नाही. काखेत मारला, तिला टोकावरून ओळीच्या मधोमध आणून उभं केलं आणि पदराकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले.

“काय म्हणतात?”

“हात बाहेर काढ म्हणतात,” तिच्या शेजारी सरकत महमुदा म्हणाली. “सगळ्यांना दिसायला हवा.”

पुन्हा सुरुवात झाली. रेस्ट आली. महमुदाचा अंगठा हळूच स्वतःच्या तर्जनीवर टेकला. रत्नाबाईने समोर बघतच तो उचलला आणि करंगळीच्या मुळाशी ठेवला.